खुडूक कोंबडी उठेपर्यंत

मी, कुंदाबाई भ्रतार कै. दौलत पाटील, वय वर्षे चव्वेचाळीस, पूर्वी मुलींच्या शाळेत शिक्षिका, राहणार सोनगीर, तालुका धुळे, जिल्हा पश्चिम खानदेश, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या मनाने हे लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर आहे की नाही हे मी रोजनिशी लिहिताना रोजच तपासते. आज दोनदा तपासले. पोटातली गाठ काढून घेण्यासाठी उद्या मी मुंबईच्या इस्पितळात जात आहे. परत न आल्यास माझ्या मिळकतीची व्यवस्था अशी व्हावी.

कलम एक. माझी कोरडवाहू जमीन धाकटा भाऊ धनसिंग याला द्यावी. तांब्याचे मोठे घंगाळही त्यालाच द्यावे. मी शाळेत गेले असताना त्याने त्यात पाणी भरून माझी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी बुडवून काढली होती, तिचे बसणे मोडावे म्हणून. यापुढे त्या घंगाळात त्याने स्वतः आंघोळ करावी. पुस्तके शाळेला द्यावीत.

कलम दोन. माझ्या पगारातून बांधलेले राहते घर, मागचे परस व खुराडे ही माझ्यासोबत राहणाऱ्या भागाबाई हिला, पूर्ण मालकीने.

या कलमावर तंटा होईल. तेराव्यानंतर घराला कुलूप लावायचे, असे धनसिंगने बोलून ठेवले आहे. भागाबाईने कुठे जावे, हे तो बोलला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "अक्का, तिनं काम केलं, ती जेवली. फिटलं. घर कशाचं?"

म्हणून सांगते. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा भागाबाई सासर सोडून आग्रा रोडने चालत निघाली. काखेत एक कोंबडी होती, बाकी काही नव्हते. पाणी मागायला ती माझ्या ओट्यावर टेकली. कोंबडी खाली ठेवली तर ती जागची हलेना. ज्वारी टाकली, खाईना. मला वाटले आजारी आहे. हात लावला तर पिसे फुलवून घशातल्या घशात गुरगुरली. पोटाखाली बोटे घातली. पिसे उपटलेली आणि कातडी तापलेल्या तव्यासारखी. तेव्हा मला कळले, ती खुडूक आहे. एका विद्यार्थिनीच्या आईने दिलेली अंडी घरात होती. मी ती पुढे केली. भागाबाई म्हणाली, "अंडा तुमना, कोंबडी मन्ही. पिल्लं निम्मे-निम्मे."

आमच्याकडे ही रीतच आहे. एकीची अंडी, दुसरीची कोंबडी, पिल्ले अर्धी-अर्धी. बसलेली कोंबडी हलवता येत नाही, म्हणून पिल्ले निघेपर्यंत भागाबाई थांबली. पिल्ले निघाली तर वाटून घेण्याइतकी मोठी नव्हती. मोठी झाली तोवर दुसरी कोंबडी खुडूक बसली होती. असे करत वाटणी आजतागायत झालेली नाही.

तेव्हा हे दान नव्हे, पगारही नव्हे. राहून गेलेली वाटणी आहे. भिंती माझ्या होत्या. त्यांना ऊब देत बसली ती. निम्म्याहून जास्त देते आहे काय, याचा विचार केला. धनसिंगवरच्या रागाने देते आहे काय, याचाही केला. राग आहे. तो वजा केला तरी कलम तसेच उरते.

कलम तीन. परसात पुढे जो कोणी येईल त्याच्यासाठी. दिवसा घरट्यात बसून संध्याकाळी दांडीवर झोपायला जाणारी कोंबडी खुडूक नव्हे, आळशी आहे. अंधार पडला तरी जी उठत नाही, ती खरी. तिला पाण्यात बुडवू नये. शेजारची धुरपदाबाई नाकपुडीतून पीस ओवते, तेही करू नये. बसवायची नसेल तर विणलेल्या डालग्याखाली, वाऱ्याच्या जागी, गवताशिवाय ठेवावी. रुसवा आपोआप जातो. बसवायची असेल तर टोपलीत राख व कडुनिंबाचा पाला घालावा आणि दिवे लागण्याच्या वेळी हात खालून सरकवून अंडी ठेवावीत. गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून भागाबाई शेजारी लोखंडाचा खिळा ठेवते. त्याचा उपयोग काय, हे कॉलेजात शिकूनही मला सांगता येत नाही. खिळा काढू नये.

दुपारी तांबटांचे ठोके गावावरून तरंगत येतात तेव्हा बसलेल्या कोंबडीकडे पाहावे. तिचे डोळे उघडे असतात आणि ती इथे नसते. मी पुस्तक मिटून तिच्यासमोर बसत असे, मग मीही कुठेतरी जात असे. ते ठिकाण कोणते, हे रोजनिशीत लिहिण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. तिथे ऊन अंड्याच्या कवचातून यावे तसे येते, एवढेच लिहिता आले.

कलम चार. आज माझ्या लिहिण्याच्या मेजाखाली तांबडी कोंबडी खुडूक बसली आहे. ती पिल्ले घेऊन आपण होऊन उठेपर्यंत कोणीही मेज हलवू नये, पंचनामा करू नये, कुलूप लावू नये. धनसिंगने कोर्टात जायचे असल्यास त्यानंतर जावे.

शेजारचे दुकानदार लालचंद साक्षीला आले. सगळे ऐकून म्हणाले, "बाई, सही करतो. पण या कोंबडीला कोणी कापणार नाही, एवढं लिहा." लिहिले. तांबडीला म्हातारपणाने मरू द्यावे.

भागाबाईला लाभ मिळत असल्याने तिला साक्षीदार करता येत नाही. ती उंबऱ्यात बसून होती. मी वाचून दाखवले. तिने पदराने डोळे पुसले, मग मेजाखाली वाकून पाहिले आणि म्हणाली, "पिल्लं निंघतीन. तुमना वाटा ठेवसू, बाई. लेवाले या."

वाटा घ्यायला परत येण्याची ही अट मला मान्य आहे.

सोनगीर, ता. ८ फेब्रुवारी १९३८

(सही) कुंदाबाई भ्रतार दौलत पाटील

कुंदाबाईंनी आमच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या देखत केली:
१. लालचंद, दुकानदार, सोनगीर
२. सुपडू तांबट, सोनगीर