गॅपचं वर्ष

६ जानेवारी, सोमवार

आले बाई एकदाची नगरला! आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या पाथर्डीच्या कंडक्टरला कोण सांगणार, तो आपला "नगर, नगर" म्हणूनच कोकलतो. सावेडीत तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. दुसऱ्या मजल्यावर सूर्यभान सरांचा इंटरव्ह्यूचा क्लास, तळाला झेरॉक्सचं दुकान. म्हणजे केस विंचरता विंचरता क्लासला पोचता येतं. २५ तारखेला पुण्याची एक कंपनी इथल्या कॉलेजात येणार आहे, सॉफ्टवेअरसाठी फ्रेशर पोरं उचलायला. बीसीएस करून मी घरी भाकरी थापत बसणार नाही. त्या यादीत माझं नाव आलं नाही तर नावाची राजेश्वरी नाही!

खोलीत सोबतीला शेवगावची दिपाली. तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं. माझी पिशवी तिच्या खाटेला लागली तर तिनं पायानं सरकवली. तिची धाकटी बहीण मात्र लाघवी पोर. दुपारी डबा घेऊन आली, मलाही शेंगदाण्याची चटणी वाढली आणि ताईकडं लक्ष ठेवा म्हणाली.

संध्याकाळी आईचा फोन. आई आणि दादा (वडिलांना आम्ही दादाच म्हणतो) ऊस तोडायला कोपरगावकडं आहेत, फडाशेजारी पाचटाची कोपी (झोपडी) घालून. आई म्हणाली, पोरी, त्या कंप्युटरात लई डोकं घालू नको, आधी पोटाला खा. वर विचारते, इंटरव्ह्यूवाले मारकुटे असत्यात का! हसून हसून पुरेवाट झाली. दोन वर्षांमागं तिला फडात घोणस चावली, उजव्या हाताची दोन बोटं गेली, तरी कोयता सोडत नाही बया. तेव्हा मी कॉलेजला ड्रॉप घेऊन वर्षभर तिच्या उशाशी होते, आधी नगरच्या दवाखान्यात आणि मग घरी. डॉक्टर म्हणाले होते, पोरगी जवळ नसती तर बाई हातची गेली असती.

८ जानेवारी, बुधवार

क्लास म्हणजे पोरांची जत्रा. सकाळी लिंक्ड लिस्ट उलटी करा, जॉइन लिहा, जावात इंटरफेस म्हणजे काय ते सांगा. हे सगळं मला येतं. दुपारी मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू. सर खुर्चीत बसतात आणि म्हणतात, स्वतःबद्दल सांगा.

मी सरळ सांगितलं, आईवडील ऊसतोड कामगार. सरांनी पेन आपटलं. म्हणाले, कंपनीला रडगाणं नको. वडील शेतकरी, आई गृहिणी, एवढंच म्हणायचं, सगळे हेच म्हणतात. मग त्यांची ती रीत. पोरीनं मधे उभं राहायचं, अख्ख्या बॅचनं तिच्या डोळ्यांत बघायचं आणि तिनं वाक्य म्हणायचं. पापणी लवली की पुन्हा पहिल्यापासून. खोटं घशातनं येतं तोवर कच्चं, पोटातनं आलं पाहिजे, असं सर म्हणतात. एक पोरगं दात काढत होतं, त्याला मी मनात लाखोली वाहिली. कितीदा म्हटलं देव जाणे, पण शेवटी पापणी लवली नाही. गावी आमचा एकरभर तुकडा आहे, म्हणजे वडील शेतकरी खरंच; खोटं एवढंच, आई गृहिणी.

संध्याकाळी दादांचा फोन, चिडलेले. म्हणाले, तुझी आई सकाळी बरी हुती, दुपारपासनं कोपीतून बाहेर पाय टाकंना. कोयता हातात दिला तर ह्यो कसा धरायचा म्हणती. मुकादम बोंबलतोय, नवराबायको मिळून एक कोयता, आता तू अर्धाच राहिला म्हणून. मी म्हटलं, थकली असेल, दमा जरा.

११ जानेवारी, शनिवार

दिपालीला विचारलं, बहीण पुन्हा कधी येणार, चटणी झकास होती. ती म्हणाली, कोण बहीण? मी एकुलती एक आहे. मला वाटलं थट्टा करतेय. मग आठवलं, परवाच्या मॉकमध्ये तिनं हेच म्हटलं होतं, घरी कसली जबाबदारी नाही, एकुलती एक. सरांनी पाठ थोपटली होती.

डबा अजून खिडकीत आहे. कोणाचा म्हणून विचारलं तर तुझाच असेल म्हणाली, आणि तिनं असं बघितलं की मी जिन्यात जाऊन बसले. आईला फोन लावला. ती म्हणाली, कोपीत बसलेय, बरंय. एवढंच. जेवलीस का म्हणून विचारलंसुद्धा नाही. माझी आई जेवलीस का विचारत नाही म्हणजे काय?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. क्लासला सुट्टी नाही. तिळगूळ कोणी कोणाला दिला नाही.

सरांनी माझा रेझ्युमे सगळ्यांसमोर फडकवला. म्हणाले, हे एक वर्ष कुठं गेलं? गॅप म्हणजे भोक, भोकाची भांडी कोण घेतं? सगळे खिदळले. मी म्हटलं, आई मरायला टेकली होती, मी तिच्याजवळ होते, यात लाज कसली? सर म्हणाले, ते वर्ष राहात्याला एका सॉफ्टवेअर फर्ममध्ये इंटर्नशिप केली असं म्हणायचं, सर्टिफिकेट मी देतो. मी नाही म्हणाले. दिपालीची बहीण गायब झाली, आई कोपीत बसली, इथं म्हटलेलं तिकडं खरं होतंय, असं तोंडावर सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, मग जा फडात. दार उघडं आहे.

रेझ्युमे त्यांनी बदलून कंपनीला पाठवूनही दिलाय. मेल्याचं वाटोळं होवो!

१६ जानेवारी, गुरुवार

म्हटलं. राहात्याला एक वर्ष इंटर्नशिप. नोकरी लागली तर आईला कायमची फडातून काढीन, म्हणून म्हटलं. आणि कोण कुठलं वाक्य, वाक्यानं काय होतं? तिसऱ्याच वेळी पापणी लवली नाही. बॅचमधलं कोणी हसलं नाही, नुसते बघत राहिले.

संध्याकाळी आईचा नंबर लागेना. दादांना लावला. म्हटलं, आईला द्या. दादा म्हणाले, राजे, प्यायलीस का काय? तुझी आई जाऊन दोन वर्सं झाली. घोणस चावली तवा तुला किती फोन केले. तू म्हनलीस हापिसात सुट्टी न्हाई. मातीलाबी आली न्हाईस. आता कशाला इचारती?

१७ जानेवारी

सरांच्या अंगावर धावून गेले. कॉलर धरली. ते हलले नाहीत. म्हणाले, मी कुठं बोललो, तू बोललीस. सोडव माझ्या आईला म्हटलं. तर म्हणतात, मॉकमधलं कच्चंच असतं, खऱ्या इंटरव्ह्यूत खऱ्या माणसापुढं जे बोलशील ते पक्कं होतं. तिथं गॅप सांग हवा तर. रेझ्युमे खोटा ठरेल, नोकरी जाईल, नाव काळ्या यादीत जाईल. मर्जी तुझी.

म्हणजे पळूनही उपयोग नाही. २५ तारखेला आत जाऊन खरं बोलायचं. मी बोलणार. आईपुढं नोकरी गेली खड्ड्यात.

२० जानेवारी

भीती वाटतेय. आज राहात्याचं ऑफिस आठवलं. मी राहात्याला कधी गेले नाही. पण निळ्या खुर्च्या, पाण्याच्या फिल्टरवर ठेवलेला स्टीलचा पेला, बाजाराच्या दिवशी खाली होणारा कालवा — सगळं आठवतं. फोनवर दादा रडतायत, मी सुट्टी नाही म्हणतेय, तेही आठवतं. माझाच आवाज. किती कोरडा.

दवाखान्यातला आईचा पलंग आठवून बघते. खिडकीजवळ होता. की दाराजवळ —

२२ जानेवारी

दिपाली आज बोलली. मेहेरबानी! म्हणाली, कधी कधी उगाच डबा दोन माणसांचा भरते ती, का ते कळत नाही. मी म्हटलं, तुला बहीण होती, मी पाहिली. तिनं माझ्या तोंडात मारली. मग खाली बसून हुंदके — पण कोणासाठी ते तिला सांगता येईना. बहिणीचं नाव मला विचारत होती. मी विचारलंच नव्हतं त्या पोरीला.

२४ जानेवारी

आईचं नाव लंकाबाई. लंकाबाई बिभीषण. उजव्या हाताची दोन — हो, उजव्या. ड्रॉप घेतला. जखम मी धुतली. मी होते. मी तिथं होते.

म्हणून बघते तर जीभ राहात्याकडं वळते.

२५ जानेवारी, शनिवार. कॉलेजचा व्हरांडा

आत जाऊन आले. तांत्रिक सगळं आलं. कंपनीच्या मॅडम खूश. मग — स्वतःबद्दल सांगा.

सांगितलं! ऊसतोड, घोणस, ड्रॉप, सगळं. रडले. मॅडमनी कागद पुढं केला. म्हणाल्या, रेझ्युमेवर तर राहात्याचं एक वर्ष आहे. खोटं कुठलं, तुम्ही आत्ता बोलला ते की हे? निवड जवळपास झालीच आहे, म्हणाल्या. पाच मिनिटं बाहेर बसा, विचार करून एकच उत्तर द्या.

फोन वाजतोय. आईचा नंबर —

उचलला. आईच आहे. श्वास लागलाय. म्हणते, राजे, मी कुठं हाय गं? समदा अंधार हाय. पाय भुईला लागंना. तुझ्याकडं काय ठरतंय म्हनं. लवकर सांग, पोरी, लई गार लागतंय.

आई, थांब, आलेच म्हटलं. फोन चालू ठेवलाय. ती ऐकतेय.

निवड जवळपास झालीच आहे. असं का लिहिलं मी पुन्हा? मला — देवा, मला ती नोकरी पाहिजे आहे. अजून पाहिजे आहे.

नाही. आई. आईच. नाव पुकारलं. उत्तर लिहूनच नेते, तेवढंच वाचीन, म्हणजे जीभ घसरणार नाही —

मॅडम, खरं सांगते. त्या वर्षी मी राहात्या