खोट्या बर्फात पालथा

लॉस एंजेलिस,
२० जून १९४३

प्रिय लिओना,

तुझं पत्र पोचलं. मी बरा आहे. तिकडे नेब्रास्कात मका गुडघ्याला लागला असेल. आपला ऑर्व्हल लढाईत बेपत्ता झाल्यापासून आई दर शनिवारी थिएटरात जाते, युद्धाच्या बातमीपटात त्याचा चेहरा शोधते, हे वाचलं. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे, हे तिचं बरोबरच आहे. पण बातमीपट संपल्यावर ती पुढचा सिनेमाही बघत बसते, हे वाचून माझी झोप उडाली.

कारण इथे मी जर्मन शिपाई झालोय. हेरगिरीचा सिनेमा आहे, त्यात प्रेमही आहे. आपल्या बाजूचा हेर आमच्या चौकीवरून एका बाईला पळवतो, मला गोळी घालतो, आणि माझ्या मढ्याशेजारी उभं राहून तिचा निरोप घेतो. बराच वेळ घेतो. वर जूनचं ऊन, अंगात लोकरीचा कोट, खाली खोटा बर्फ. मरून मरून कंबर गेली.

गुरुवारी दिग्दर्शक म्हणाला, पालथा नको, उताणा पड, तुझा चेहरा जवळून घेतो. इथली पोरं त्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघतात. मी पालथाच पडलो. पुन्हा घेतलं, पुन्हा पालथा. मग म्हातारा लिंडनर माझ्याशेजारी येऊन बसला. तो नाझींच्या भीतीनं व्हिएन्नाहून पळून आला, आणि इथे दिवसभर नाझी मेजर होऊन आमच्यावर खेकसतो.

"गाढवा, चेहरा दाखव. पुढच्या वेळी बोलायला एखादं वाक्य मिळेल."

मी म्हटलं, माझी आई बघेल.

"माझी आई अजून तिकडेच आहे," तो म्हणाला. "माझे सिनेमे तिथं लागत नाहीत, एवढंच बरं."

तो माझ्यासाठी दिग्दर्शकाकडे बोलायलाही गेला, पण दिग्दर्शक ऐकेना. आणखी एकदा पालथा पडलो तेव्हा माझा कोट काढून दुसऱ्या पोराला दिला. तो छान उताणा मेला.

तर आता काम नाही. आणि तू विचारतेस, घरी का येत नाहीस.

अधू कानामुळे सैन्यानं मला परत पाठवलं, ऑर्व्हलला घेतलं, त्या संध्याकाळी तू गोठ्यात होतीस. आई भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चुकीचा नेला त्यांनी." ओरडून नाही, पाऊस येईल म्हणावं तसं. दुसऱ्या दिवशी मी निघालो.

मी रागावलेलो नाही, लिओना. दमलोय. तिला एकदा विचार, मी आलेलं चालेल का. समजूत घालू नकोस, नुसतं विचार. हो म्हणाली तर तार कर. नाही म्हणाली तर काहीच लिहू नकोस, मी समजून घेईन.

आईचा दुसरा मुलगा,
वेंडेल