एर्सिलियाबाईंनी मला मेनूकार्ड दिलं

तीर्थस्वरूप देल्फीनाताईस,

धाकट्या ओरेस्तेचा रोमहून नमस्कार. गुडघे वाकत नाहीत म्हणून कागदावरच केलाय, तेवढा गोड मानून घे. तुझी कंबर कशी आहे? त्रिएस्तेला यंदा वारा फार सुटलाय असं रेडिओवर ऐकलं, तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालायला तू जाऊ नकोस, सुनेला धाड (ती अंगाने भरलेली आहे, उडायची नाही). माझी तब्येत उत्तम. पोट तेवढं बरं नाही. म्हणजे पोटही ठीक आहे, मन बरं नाही. पण ते डॉक्टरला दाखवता येत नाही, म्हणून सगळ्यांना पोट सांगतो.

झालंय असं की गुरुवारी एर्सिलियाबाईंनी मला मेनूकार्ड दिलं. हो, मला! आमच्या गल्लीच्या टोकाची त्यांची खानावळ तुला आठवत असेलच. आत बाई रांधतात, बाहेर मुलगा ओत्ताव्हियो वाढतो (पन्नाशीला आला, पोट सुटलं, तरी आईचा धपाटा चुकलेला नाही). माझी मार्चेल्ला गेली तेव्हापासून मी दोन्ही वेळा तिथंच जेवतो, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलावर. आणि इतक्या वर्षांत काय खाणार असं मला कोणी विचारलेलं नाही. गुरुवारी बटाट्याचे न्योक्की, शुक्रवारी खारवलेला मासा, शनिवारी वजडी, हे तर सगळ्या रोमला ठाऊक आहे. उरलेल्या दिवशी बाई दारातून माझं तोंड बघतात आणि ठरवतात. तोंड उतरलेलं दिसलं की सूप, फार खुशीत दिसलो की कडू भाजी. मेनूकार्ड तिथं असतं, पण ते कॅमेरेवाल्या परक्या लोकांसाठी. घरच्या माणसाच्या हातात ते पडलं की समजायचं, या घरातून नाव कटलं.

आता तू विचारशील, ओरेस्ते, तू काय दिवे लावलेस? काहीही नाही. चौकात काचेचं नवं हॉटेल झालंय, तिथं बुधवारी दुपारी मी गेलो. नुसतं बघायला. बुधवारी बाईंची खानावळ बंद असते, त्यामुळे कायद्याने मी निर्दोष आहे. आत गेल्यावर त्यांनी बसवलं, बसल्यावर वाढलं, आता वाढलेलं टाकून उठणं आपल्या आईने शिकवलंय का? ताटाऐवजी लाकडी फळी होती. तिच्यावर भाजीचं एकच बोंड, आर्टिचोक, तोही उभा चिरून अर्धा, आणि भोवती साबणासारखा फेस (विचारलं तर म्हणाले, हा चीजचा फेस आहे). तो फेस काट्यावर धरून मी उजेडात निरखत होतो आणि नेमक्या काचेपलीकडून भाजीची पिशवी घेऊन एर्सिलियाबाई गेल्या. म्हणजे गेल्या नाहीत, थांबल्या. मी काटा उंचावून त्यांना नमस्कार केला. ताई, फेस कोटावर पडला.

दुसऱ्या दिवशी मी जागेवर बसून गळ्यात रुमाल अडकवला. एरवी ओत्ताव्हियो लांबूनच ओरडतो, "काका, पाय आत घे, कोणी पडेल!" त्या दिवशी जवळ आला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "नमस्कार साहेब. आपण एकटेच का?" साहेब! या पोराला मी मांडीवर खेळवलाय. आणि समोर ते मेनूकार्ड, चार भाषांत, फोटोंसकट. मी निमूटपणे न्योक्कीच्या फोटोवर बोट ठेवलं. न्योक्की आले, चवीला तेच. पण चीज? एरवी बाई स्वतः किसणी घेऊन बाहेर येतात आणि माझ्या ताटावर किसतात, मी पुरे म्हटलं तरी थांबत नाहीत, त्यांना पुरेसं वाटलं की थांबतात. त्या दिवशी वाटीत किसलेलं चीज आलं, सोबत छोटा चमचा. "हवं तेवढं घ्या साहेब." अगं, हवं तेवढं! अशाने माणसाच्या घशाखाली घास उतरेल का? वर जाताना विचारतो कसा, "जेवण आवडलं ना?"

शुक्रवारी मी मासा मागवला आणि स्वयंपाकघराच्या दारातून धीर करून म्हणालो, "बाई, बुधवारी तुमचं बंद होतं हो!" आतून उत्तर आलं, तेही मला नाही, मुलाला. "ओत्ताव्हियो, त्या गृहस्थांना विचार, आणखी काही हवंय का." तेव्हा मी काय समजायचं ते समजलो. मला काडीचाही फरक पडत नाही. मी घरी रांधीन. काल रात्री अंडं उकडलं, ते फुटलं. असो. मुलांना आशीर्वाद, जावयांना नमस्कार, मांजर असेल तर तिलाही.

तुझा,
ओरेस्ते

ता. क. एक बारीकसं काम होतं, म्हणून हे लिहायला घेतलं. एर्सिलियाबाईंना फोन करून एवढंच सांग की त्या बुधवारी तू रोमला आली होतीस आणि तूच हट्टाने मला त्या काचेच्या हॉटेलात ओढून नेलंस. फेस तू मागवलास असंही सांग. त्या लगेच विश्वास ठेवतील, कारण माझ्या लग्नात तू त्यांच्या रश्श्यात मीठ जास्त म्हणाली होतीस, ते त्या विसरलेल्या नाहीत. तुला इथं रोज जेवायचं नाही, तुझं काय बिघडतंय?

ता. क. २. फोन करू नकोस. आज शनिवार, पत्र टाकायला निघालो तर वजडीचा वास आला आणि पाय आपोआप आत वळले. ओत्ताव्हियो मेनूकार्ड घेऊन येत होता, त्याने तोंड उघडण्याआधीच मी दारात ओरडून सगळं तुझ्या नावावर टाकलं. बाई किसणी घेऊन बाहेर आल्या, वजडी दिसेनाशी होईपर्यंत चीज किसलं आणि म्हणाल्या, "वाटलंच मला. ती बाई पहिल्यापासून तसलीच. गप खा, दोन दिवसांत केवढा वाळलायस." मी तुझी बाजू घेणार होतो, पण तोंडात घास होता.

तेव्हा नाताळात येशील तेव्हा तुला मेनूकार्ड मिळेल. घाबरू नकोस, फोटो आहेत. आणि ताई, रागावू नकोस गं. तुला तिथं मुलं, सुना, नातवंडं, सगळी टोकायला आहेत. मला 'गप खा' म्हणणारं आता एवढं एकच माणूस उरलंय.