लांबू गेला

९ मार्च, सोमवार

ऑफिसातून परतताना ट्राममध्ये हेंकचा मेसेज. "तो गेला." खाली बातमीची लिंक. उघडली नाही. कोण ते कळलंच होतं. आपला स्टॉप चुकला, पुढे उतरून वाऱ्यातून चालत मागे आलो.

मंजिरी पोळ्या लाटत होती. म्हटलं, लांबू गेला.

"अगं बाई! कशानं? वय तरी काय होतं?"

"वारला नाही गं. टीम सोडून गेला."

लाटणं हातात तसंच. "मग असं तोंड करून काय उभा आहेस?"

समजावलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये करार संपला की खेळाडू मोकळा, मार्चमध्ये कुणीही बोलावू शकतं. लांबू आमचा रिसीव्हर. मैदानाच्या कडेनं सुसाट पळायचं आणि लांबून भिरकावलेला चेंडू पळता पळता झेलायचा, हे त्याचं काम. नऊ सीझन आमच्याकडे होता. आणि गेला कुणाकडे, तर ज्यांच्याशी आम्हाला वर्षातून दोनदा खेळावं लागतं त्यांच्याकडे.

"आमच्याकडे" असं लिहितोय. अमेरिका सोडून इकडे डच मुलखात येऊन सहा वर्षं झाली.

लेकीला, इराला, कळवलं. दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

१० मार्च, मंगळवार

सकाळी इराचं उत्तर. "ओह नो. सो सॅड. आर यू ओके, बाबा?"

मी ओके का नसेन? लांबू तिचा. नाव तिनं ठेवलेलं, अकरा वर्षांची असताना. मी प्रोजेक्टवर तिकडे गेलो ते वर्ष. शाळेत कुणाशी बोलायची नाही, घरी यायची ती थेट टीव्हीपुढे. लांबूचाही पहिलाच सीझन. पहिल्या मॅचला त्याच्या हातून तीन चेंडू सुटले, सगळं मैदान त्याच्यावर ओरडलं, आणि ही सोफ्यावर बसून मुसमुसून रडली. पुढच्या रविवारी त्यानं एका हातानं झेलला. ही सोफ्यावर उभी राहून किंचाळली. तीन महिन्यांत तिचा एवढा मोठा आवाज घरात पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम शिकायला लागलो.

मग हिचं "सो सॅड" एवढंच?

ऑफिसात चुकीच्या माणसाला चुकीची फाईल पाठवली. दोनदा.

१२ मार्च, गुरुवार

हेंककडे जमलो. सीझनमध्ये रविवारी संध्याकाळी सात वाजता त्याच्या गॅरेजात मोठ्या पडद्यावर मॅच बघतो आम्ही तिघं. हेंक, मी, आणि मिलिंद (तो आइंडहोवनहून येतो, चिप बनवायच्या मशिनींच्या कंपनीत आहे). आज मॅच नाही, काही नाही. तेराव्याला जमावं तसे जमलो.

लांबूचं पोस्टर काढलेलं. भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा.

हेंक बॉयलर दुरुस्त करतो. म्हणाला, "चौतीस वर्षं एका कंपनीत आहे. मला कुणी दुसरीकडे बोलावलं नसेल?"

मिलिंद: "पण त्याला थांब म्हणून कुणी विचारलं का? टीमनं त्याच्यापुढे नव्या कराराचा कागदच ठेवला नाही म्हणतात."

"म्हणजे हाकललं?"

"हाकललं नाही. विचारलं नाही."

"फरक काय?"

  हेंक तर लांबूवर रागावायचं ठरवूनच बसला होता, आता त्याची पंचाईत. 

लांबूनं निरोपाचं पत्र टाकलंय. तीनदा वाचलं. "हे गाव कायम माझं घर राहील." मग गेला का? की खरंच घर वाटतं आणि तरीही गेला? असं होतं का? होत असावं. पुण्याबद्दल मी हेच सांगत असतो सगळ्यांना.

१५ मार्च, रविवार

इराचा फोन. सीझन असो-नसो, रविवारचा फोन तिचाच. सीझनमध्ये मध्यंतरात, व्हिडिओवर. ती मास्ट्रिख्टला शिकते, तिथे तिच्या खोलीत बघते, मी गॅरेजात, आणि मध्यंतराची दहा-पंधरा मिनिटं आमची. अडीच वर्षं एकही रविवार चुकला नाही.

आज म्हणाली, "बट ही वॉज सो गुड इन डिसेंबर, ना बाबा?"

डिसेंबरमध्ये लांबू खेळलाच नाही. घोटा दुखावला होता, महिनाभर बाहेर होता. दर रविवारी त्यावर आम्ही बोललोय. म्हणजे मी बोललोय.

"हो," म्हटलं. "छान खेळला."

का म्हटलं असं?

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. बाल्कनीत गुढी उभारली. वारा इतका की मंजिरीनं काठी नळाला दोन ठिकाणी बांधली. समोरच्या बाईंनी हात केला, दरवर्षीसारखा. इरा आली नाही, परीक्षा आहे म्हणाली.

जेवताना मंजिरीला डिसेंबरचं सांगितलं. ती श्रीखंड वाढत होती, थांबली.

"तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"अरे, ती बघत नाही मॅच. कधीपासूनच. मास्ट्रिख्टला गेली तेव्हापासून तर नाहीच. फोन करायच्या आधी स्कोर वाचते."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती. तिला वाटतं, बाबाला तेवढं एकच वेड आहे, ते मोडायला नको."

मी म्हटलं, वेड माझं नव्हतं, तिचं होतं. तिच्यासाठी लागलो मी बघायला.

मंजिरी हसली, आणि मग हसणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली.

तिच्यासाठी मी बघत होतो. माझ्यासाठी ती फोन करत होती. मग बघत कोण होतं?

पण लांबू गेल्याचं मला लागलंय, ते खरं आहे. तेही लटकं असतं तर सोपं झालं असतं.

२२ मार्च, रविवार

इराचा फोन. मला माहीत झालंय हे तिला माहीत आहे. मंजिरीनं सांगितलं असणार.

हवेबद्दल बोललो. इकडे ढग, तिकडे थोडं ऊन. सायकलची चेन. चार मिनिटं.

बस स्टॉपवर अनोळखी माणसं बोलतात तसं.

२९ मार्च, रविवार

उन्हाळा लागला म्हणून इकडे आज घड्याळं एक तास पुढे. फोन आला नाही. आधी वाटलं, तास बदलला म्हणून गोंधळ झाला असेल. मग वाटलं, फोनमधलं घड्याळ आपोआप बदलतं.

मी करू शकलो असतो. हातात फोन घेऊन बसलो, आणि पहिलं वाक्य काय म्हणायचं ते सुचेना. मुलीशी बोलायला वाक्य सुचेना! नऊ वर्षं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "बघितलंस का?"

४ एप्रिल, शनिवार

मास्ट्रिख्टला गेलो. एकटा. मंजिरीनं मेथीचे ठेपले आणि चिवडा बांधून दिला, म्हणाली, "भांडू नकोस." मी कशाला भांडतोय.

गाडीत जवळजवळ तीन तास. बोलायचं काय ते दोनदा जुळवलं, दोनदा मोडलं.

इरा स्टेशनवर आली होती. बारीक झाली आहे. केस न विंचरलेले. नदीकाठच्या बाकावर बसलो, ठेपले उघडले. तिनं भराभरा चार खाल्ले. नीट जेवत नसावी.

म्हणाली, "बाबा, आय थॉट इट वॉज युअर थिंग."

"तुझी होती गं."

"आय वॉज इलेव्हन!"

दोघंही हसलो. मग मी म्हटलं, निदान सांगायचंस तरी. अडीच वर्षं मी एकटाच बडबडत होतो.

 यावर ती मराठीत बोलली. ती मराठीत बोलते तेव्हा मला भीतीच वाटते.

"मला तो फोन हवा होता. आठवड्यात तेवढंच कुणाशी तरी बोलणं व्हायचं."

मला कळेना. म्हटलं, मैत्रिणी? वर्ग?

वर्गात ती ऑक्टोबरपासून गेलेली नाही. परीक्षा दिलेल्या नाहीत. पाडव्याची परीक्षाही नव्हतीच. सकाळी उठायचं, आवरायचं, दारापर्यंत जायचं, परत यायचं. हॉयसार्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, स्वतःच गेली होती जानेवारीत. इथला डॉक्टर पहिल्यांदा गोळी देऊन घरी पाठवतो तसं नाही, नीट ऐकून घेतलं म्हणे. मानसोपचारासाठी नाव नोंदवलंय, पण रांग मोठी आहे.

"आईला माहीत आहे?"

"नो. तुला पहिल्यांदा सांगतेय."

"मला का नाही सांगितलंस इतके दिवस?"

"तू विचारलंच नाहीस. तुझा पहिला प्रश्न नेहमी, बघितलंस का? मग मी म्हणायचे, हो. अँड देन इट वॉज ओके फॉर फिफ्टीन मिनिट्स."

  चिवड्याची पिशवी बांधत बसलो, नीट बांधलेली असताना.

शाळेतून येऊन टीव्हीपुढे बसणारी ती पोर तेव्हा मला दिसली होती. आताची ही दर रविवारी समोर स्क्रीनवर होती, आणि मी तिला लांबूच्या घोट्याबद्दल सांगत होतो.

५ एप्रिल, रविवार

इरा घरी. माझ्याबरोबरच आली. मंजिरीला तिनंच सांगितलं, दार लावून, तासभर. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले. मंजिरी माझ्याशी बोलत नाही. तिला राग आला आहे, कुणाचा ते तिलाही माहीत नसावं. शपथ पाळली म्हणून स्वतःचा, असं मला वाटतं. विचारलं नाही.

नाही, विचारायला हवं.

६ एप्रिल, सोमवार

विचारलं. म्हणाली, "तुझाच राग आलाय." मग भांडी घासता घासता, "आणि माझा."

१५ एप्रिल, बुधवार

इरा दहा-अकरापर्यंत झोपते. दुपारी आम्ही चालायला जातो, मी घरून काम करतो त्या दिवशी. काय विचारावं ते अजून नीट जमत नाही. "कसं वाटतंय?" म्हटलं की "ओके." "काय विचार चाललाय?" म्हटलं तर म्हणाली, "बाबा, यू साउंड लाईक अ फॉर्म."

मग गप्पच चाललो. तेही बरं होतं का? कळत नाही.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी उठलो तर ग्रुपवर अडतीस मेसेज. टीमनं कॉलेजातून नवा रिसीव्हर उचलला. हेंक हवेत. "लांबूपेक्षा वेगवान!" मिलिंदनं आकडे पाठवले. महिन्यापूर्वी हाच हेंक भिंतीकडे बघवत नाही म्हणत होता.

मी एक अंगठा टाकला. नव्या पोराचा व्हिडिओ बघितला. छान पळतो. मला काही वाटलं नाही. मग परत बघितला, आणि थोडं वाटलं. तसं वाटलं त्याचाही राग आला.

२७ एप्रिल, सोमवार

राजाचा वाढदिवस, इकडचा मोठा सण. आमचं सगळं झूटरमेर नारिंगी, रस्त्याच्या कडेला घरातलं जुनं सामान मांडून लोक बसलेले. हेंकनं सतरंजी टाकली होती. बॉयलरचे जुने भाग, कपबशा, आणि लांबूच्या नावाच्या तीन जर्सी.

इरा आमच्याबरोबर आली, हेच खूप होतं. गर्दीत पाच मिनिटांत परत जाऊ म्हणेल असं वाटलं. ती हेंकच्या सतरंजीवर जाऊन बसली. बसली ती दोन तास. लोकांशी डच बोलत होती, हेंकपेक्षा भराभर.

एक आजीबाई आल्या, एक जर्सी उचलून अंगाला लावून बघितली. हेंकनं छाती फुगवून सांगायला सुरुवात केली, हा खेळाडू म्हणजे...

"मला भिंती रंगवायच्यात," आजी म्हणाल्या. "लांब बाह्यांचं काही आहे का?"

हेंकचा चेहरा! इरा हसत सुटली. मग आजीही. मंजिरीनं माझा दंड घट्ट धरला. आम्ही दोघं वळून पलीकडच्या कपबशा बघत उभे राहिलो, इराला दिसू नये म्हणून.

आजींनी शेवटी तीच जर्सी नेली; उरलेल्या दोन हेंकनं घडी करून परत पिशवीत टाकल्या. "पावसाची चिन्हं आहेत," म्हणाला. आभाळ स्वच्छ होतं.

२८ एप्रिल, मंगळवार

काल वाटलं, सुटलं सगळं. आज इरा दिवसभर खोलीबाहेर आली नाही. दारात ताट ठेवलं, अर्धं खाल्लं.

म्हणजे काल काय होतं?

१६ मे, शनिवार

नव्या सीझनचं वेळापत्रक आलं. लांबूची नवी टीम आमच्या मैदानावर नोव्हेंबरात. हेंक म्हणतो, शिट्ट्या मारून हुर्यो उडवणार. मिलिंद म्हणतो, उभं राहून टाळ्या वाजवणार. मला विचारलं. म्हटलं, बघू.

विद्यापीठाचं पत्रही आलंय. हे वर्ष पुन्हा करायचं, थांबायचं, की नाव काढायचं, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं. मानसोपचाराची तारीख जूनची मिळाली आहे.

इरा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. मी समोर बसलो. म्हटलं, काय ठरवतेयस?

"माहीत नाही, बाबा." मग, "तुला काय वाटतं? नॉट द राइट आन्सर. खरं काय वाटतं?"

वाटतं, इथेच राहावं तिनं, डोळ्यांसमोर. वाटतं, जावं, नाहीतर ती दारापर्यंतच जात राहील. दोन्ही सांगितलं, ह्याच क्रमानं.

"दॅट्स नॉट हेल्पफुल," ती म्हणाली. पण लॅपटॉप मिटून ठेवला आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढली.

"अजून सांग," म्हणाली.