शाळा सोडण्याचं कारण

भोपाळ,
ता. ९ फेब्रुवारी १९८३

प्रिय शमशाद,

आम्ही घरी सगळे बरे आहोत. तुझ्या अम्मांचा खोकला कमी असेल असं धरते. रविवारी तू येऊन गेल्यावर आई बराच वेळ तुझ्याबद्दल बोलत होती. मुलाण्यांची मुलगी इतकी वर्षं भोपाळात राहूनही आमच्यापेक्षा स्वच्छ मराठी बोलते, असं तिचं म्हणणं. तू सातवीत होतीस तेव्हापासून ती हे म्हणते आणि दर वेळी तिला नव्याने आश्चर्य वाटतं.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये विशेष काही नाही. पाणी एक वेळ येतं. बाबा एप्रिलमध्ये निवृत्त होतील. तुझे अब्बा, दस्तगीरचाचा, क्रेनवर असतानाच हृदयविकाराने गेले, हे मला माझ्या चाचणी विभागात त्याच दुपारी कळलं होतं. भेटायला यायचं राहिलं.

तू ठेवून गेलेलं प्रतिज्ञापत्र तीनदा वाचलं. मजकूर अचूक आहे. १९७५ साली दहावीच्या रजिस्टरमध्ये तुझ्या नावापुढे शाळा सोडण्याचं कारण ‘विवाह’ असं मी लिहिलं, चौकशी न करता लिहिलं, आणि ते खोटं आहे. खाली माझ्या सहीपुरती जागा. वडिलांच्या जागी नोकरी फक्त अविवाहित मुलीला मिळते आणि शाळेच्या दाखल्यावर तू सोळाव्या वर्षीच लग्न झालेली आहेस, एवढीच अडचण आहे. नोकरी नाही, तर महिनाअखेर क्वार्टरही नाही. हे सगळं मला समजलेलं आहे. पुन्हा समजावायला येऊ नकोस.

तू निघताना फाटकापाशी हसून म्हणालीस, “सुचे, माझं लग्न कुणाशी लावलंस तेवढं सांग. नवऱ्याचं नाव तरी कळू दे.”

आता सांगते. नाव नव्हतं. सलग तीस दिवस गैरहजर राहिलं की नाव काढायचं, असा नियम होता. मी वर्गाची मॉनिटर, रजिस्टर माझ्याकडे. वर्गशिक्षिका शशिकला मॅडमनी सांगितलं होतं की गैरहजर असलेल्या तिघींच्या, म्हणजे तू आणि आणखी दोघींच्या, घरी जाऊन कारण विचारून ये. तुझं क्वार्टर आमच्यापासून चार ओळी पलीकडे. तुझ्या अम्मांना क्षय झालाय आणि तू त्यांच्याजवळ असतेस, हे मला जाऊन विचारायचीही गरज नव्हती. आईला कळलं होतं, आणि तिनेच मला तुमच्याकडे जायला मनाई केली होती. मी कुठेच गेले नाही. तिघींपुढे एकच शब्द लिहिला. मॅडमनी वाचून मान हलवली. त्यांना तो शब्द चुकीचा वाटला नाही. मलाही वाटला नाही. त्या तिघींत कुणी हिंदू असती, तर मी जाऊन विचारलं असतं.

पुढे चाचा डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊन शाळेत आले. आजारपणाचं कारण असतं तर तुला परत घेतलं असतं. विवाहाला ती सवलत नव्हती. कारकुनाने त्यांना सगळ्यांसमोर मुलीच्या लग्नाचे पेढे मागितले. मी तेव्हा खडू आणायला कार्यालयात गेले होते. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खडू मोजून घेतले आणि वर्गात गेले.

सहामाहीत तू पहिली होतीस, मी अकरा गुणांनी मागे. वार्षिक परीक्षेत मी पहिली आले. इंजिनिअरिंगची शिष्यवृत्ती टाउनशिपमधून एकाच मुलीला मिळायची. या दोन गोष्टींचा संबंध मी त्या वेळी लावला नव्हता, असं मला आठवतं. पण नुसत्या आठवणीवर मी एरवी कुठल्याच कागदावर सही करत नाही.

आता जे तुला ठाऊक नाही ते. सोमवारी कार्मिक विभागाच्या तिवारीजींनी मला बोलावलं होतं. रजिस्टर टेबलावर उघडं होतं. म्हणाले, यांच्यात सोळावं लागलं की निकाह ठरलेलाच, आणि आता नोकरीसाठी बाई पुन्हा कुंवारी झाली. मग विचारलं, “मैडम, ये लिखावट आपकी है?”

मी म्हटलं, “मेरी है। जो घरवालों ने बताया, वही लिखा होगा।”

त्यांनी ते टिपून घेतलं. मी सही केली.

कारण सांगते, माफी म्हणून नाही. टाउनशिपच्या अहवालासाठी मी गेले वर्षभर धर्मवार शिक्षण आणि उत्पन्न यांचे तक्ते करते आहे. मुस्लिम कुटुंबाचं सरासरी उत्पन्न इतरांच्या अठ्ठावन्न टक्के निघालं. का, तर शिक्षण कमी. शिक्षण का कमी, तर आठ वर्षांत शाळा सोडलेल्या चौदा मुस्लिम मुलींपैकी अकराजणींपुढे ‘विवाह’ आहे. त्यातल्या तीन नोंदी माझ्या. बाकी आठ कुणी आणि कशा केल्या, ते मी तपासलेलं नाही. तुझी एक काढली तर त्या आठही तपासाव्या लागतील. अहवाल छापायला गेला आहे. महाव्यवस्थापकांनी तक्त्यांचं नाव घेऊन कौतुक केलं आणि माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे.

तू म्हणालीस, “माझ्यासाठी काही करू नकोस, फक्त खरं लिही.” ते या पत्रात लिहिलं. पत्र मराठीत आहे, कारण आपण दोघी मराठीतच बोलायचो. तिवारीजींना मराठी येत नाही, आणि त्या कचेरीत ज्यांना येतं ते बाबांचे मित्र आहेत.

प्रतिज्ञापत्र सोबत परत पाठवते आहे. घडी तुझीच आहे, मी सही केलेली नाही.

नेहरू नगरात खोली बघते आहेस असं आपल्या वर्गातल्या वंदनाकडून कळलं. तिकडून तुला कंत्राटदाराकडे कामावर येणं लांब पडेल. म्हणून एक कळवते. अहवालात मी शिफारस केली होती की लग्नामुळे शिक्षण तुटलेल्या मुस्लिम स्त्रियांसाठी शिवणवर्ग काढावा. ती मंजूर झाली. पहिल्या यादीत दहा नावं हवी होती, नऊ मिळाली. दहावं तुझं घातलं आहे. नावापुढे सौ. लिहावं लागलं.

वर्ग सोमवारपासून, दुपारी तीनला. कात्री आपली आणायची आहे.

उत्तराची अपेक्षा नसलेली,
सुचेता