ती श्वास घेते तिथे

चिंचपोकळी,
रविवार, १९ एप्रिल २०२६, दुपार

ताई,

तीर्थरूप वगैरे लिहिलं तर तू ते तुझ्या लेकीला, मनूला, वाचून दाखवशील आणि दोघी हसाल, म्हणून नुसता नमस्कार. भावोजींनाही. कुडाळात उकडत असेल, इथेही तेच. आई हॉस्पिटलातून रात्रपाळी करून आली, पेज प्यायली आणि झोपली. पंखा आता बोलायलाच लागलाय, बाकी घर तसंच.

फोनवर मी ओरडतो, तू फोन ठेवतेस, मग आई दोघांना शिव्या घालते. लिहिताना ओरडता येत नाही असं तू म्हणालीस. बघू.

सगळं नक्की कधी बदललं विचारशील तर मी क्षण सांगू शकतो. मॉरिस अंकलनी पक्कड घेतली आणि माझ्या गिटारच्या तीन जाड तारा उतरवल्या, तो. मी "अहो, अहो" करेपर्यंत तारा वेटोळं होऊन खिडकीतल्या कुंडीत पडल्या होत्या. "ह्या तीन तुला नको," म्हणाले. "लग्नात जेवायला बसल्यासारखा सगळ्यांत हात घालतो तू."

आज पाच वाजता दादरला चर्चच्या हॉलमध्ये ज्युलिएटच्या ग्रुपचा कार्यक्रम आहे. लोअर परळच्या एका हॉटेलचा माणूस ऐकायला येणार. त्याला आवडलं तर दर शुक्रवारी त्यांच्याकडे गायचं. गिटार माझी. आणि परवा मी सगळ्यांसमोर सांगून आलोय की मी येणार नाही. जायचं की नाही ते अजून ठरत नाही. तुला सगळं लिहून झालं की ठरेल असं वाटतंय.

ज्युलिएट म्हणजे कॉलेजच्या फोटोतली. तू "ही कोण रे" विचारलंस आणि मी "कोणी नाही" म्हणालो, ती. मॉरिस अंकल तिच्या आईचे भाऊ, तालमी दादरला त्यांच्याच घरी. जन्मभर हॉटेलांतल्या बँडमध्ये गिटार वाजवली, आता बोटं आखडलीत. ते वाजवायचे त्याला सोल म्हणतात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून निघालेलं गाणं. अंकल म्हणतात, प्रार्थना करता करता माणूस प्रेमात पडला तर जसा गाईल तसं. ज्युलिएटचा आवाज त्यासाठीच केलाय. ती हळू गाते तेव्हा वाटतं आपल्याच कानात सांगतेय. मी तिला पहिल्यांदा ऐकलं आणि घरी येऊन आईला विचारलं, आज भाजीत मीठ आहे का. होतं.

तुला आठवत असेल, मी लालबागच्या बेंजो पार्टीत वाजवायचो. बेंजोवाल्याचं काम काय? गाण्याची चाल वाजवायची, ढोलाच्या डोक्यावर चढून, पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीलाही कळली पाहिजे. भजनातसुद्धा बुवा जिकडे जातील तिकडे पेटी. साथ करायची म्हणजे गाणाऱ्याच्या सोबत चालायचं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं, ते आपोआप यायचं. म्हणून मी ज्युलिएट जी ओळ गाईल ती गिटारवर तश्शी तिच्याबरोबर काढायचो. मला वाटायचं, किती प्रेमाने वाजवतोय.

ती मध्येच थांबली. "हितू, तू माझ्याबरोबर का गातोयस?"

"गातोय कुठे? वाजवतोय."

"तेच रे. मला माझाच आवाज ऐकायला येत नाय."

अंकल म्हणाले, "बाला, वरात नाय ही. पोरीच्या अंगावर काय चालून जातो?" आणि पक्कड आणली.

मी गिटार आपटून निघणार होतो. पण तीन तारांची गिटार काखेत मारून जिना उतरायचा, तर खाली कोणी विचारलं तर काय सांगणार?

पुढे कित्येक दिवस सूरच नाही. डावा हात तारांवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, आणि उजव्याने मारायचं: चक्. चार मात्रांतल्या दुसरीला आणि चौथीला. पहिली, तिसरी मोकळी सोडायची. झालं, एवढंच. मला आधी वाटलं म्हातारा टाइमपास करतोय. मग एके दिवशी आतून सुरीचा आवाज आला. अंकलची बायको, विनिफ्रेड आंटी, कांदा चिरत होत्या आणि सुरी माझ्या चक्‌बरोबर पडत होती! त्यांना पत्ताच नाही. मी मुद्दाम चक् केसभर मागे ओढला. सुरी थांबली. परत पुढे आणला, सुरी पुढे. मी असा खेळत बसलो तशा आंटी आतून ओरडल्या, "नीट वाजव रे, बोट कापंल माझं!"

ताई, हे कसं होतं? एक मेलेला आवाज, ज्याला सूर नाही, आणि तो पलीकडच्या खोलीतला हात धरतो. मी अंकलना विचारलं. ते म्हणाले, "मला ठाऊक असतं तर मी फादर झालो असतो."

तेव्हापासून वेडच लागलं. खालच्या कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये, आईच्या लाटण्यात, हिंदमाताच्या दुकानात साड्या उलगडणाऱ्याच्या हातात, सगळीकडे मी दुसरी आणि चौथी शोधत फिरतो. माघी गणपतीच्या आरतीला उभा होतो, तर माझी टाळी तिथेच पडायला लागली. शेजारची नलूवहिनी माझं बघून तशी, तिची पोरं तिचं बघून तशी. अर्धी चाळ इकडे, अर्धी तिकडे. झांजवाला आधी एकाकडे बघतो, मग दुसऱ्याकडे, मग झांज खालीच घेतली त्याने. आईने डोळे न उघडता विचारलं, "मेल्या, टाळी खंय मारतस?"

आता कॉलेजचं. तुला मी सांगितलं होतं, सरांशी भांडण झालं म्हणून सोडलं. भांडण झालं ते खरं. पण सरांनी दोनदा निरोप पाठवला होता, ये म्हणून. मी गेलो नाही, कारण ज्युलिएटच्या तालमी दुपारी असतात. हे वाचून तू काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय. भावोजींनी तिकडच्या कॉलेजात माझ्यासाठी शब्द टाकू नये. परत जायचं झालं तर मी स्वतः सरांसमोर जाऊन उभा राहीन.

आणि खरं तर अभ्यास मी करतच होतो. कारण चक् बसल्यावर अंकल म्हणाले, "आता दोन सूर देतो तुला. पण ती गाते तेव्हा नाय. ती श्वास घेते तिथे." दोन तारा एकदम छेडायच्या, बोट खालून वर घसरत न्यायचं आणि लगेच आवाज बंद करायचा. तिची ओळ संपते, ती श्वास घेते, तेवढ्यात आपण "हो गं" म्हणायचं आणि गप्प. म्हणजे तिचा श्वास कुठे पडतो ते मला पाठ पाहिजे. असा विषय कॉलेजात असता तर मी पहिला आलो असतो.

मी शिकलो. लांब ओळीआधी ती पोटातून घेते, खांदे हलत नाहीत. खालच्या सुरात उतरताना घेतच नाही, उरलेल्यावर भागवते. वर चढायच्या आधी तोंडाने, चहा गरम आहे का बघितल्यासारखा छोटा. फक्त एका गाण्यात, तिसऱ्या ओळीनंतर, माझं दर वेळी चुकायचं. तिचा श्वास अर्धाच यायचा, ती लवकर सुरू व्हायची आणि माझे दोन सूर तिच्या शब्दावर पडायचे. मला वाटलं माझाच हात जड. घरी इथे बसून ती जागा मी इतकी घासली की आईने गिटारवर चादर टाकली.

शुक्रवारी त्या जागी मी बोटांकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघितलं.

ती तिथे हसते. हसू आलं की श्वास पुरा भरत नाही. आणि हसते कोणाकडे बघून, तर मागे ड्रमवर बसलेल्या क्रिसकडे. माझगावचा क्रिस. चार शब्द बोलत नाही दिवसात. तो नेमका तिथे एक ठोका गाळतो. चुकून नाही, तिला हसवायला.

माझं डोकं फिरलं. तू ओळखतेस मला. मी ओरडलो, "माझं चुकत नाय! ह्याच्याकडे बघून दात काढते म्हणून हिचा श्वास मोडतो! काय चाललंय तुमचं ते अंकलना सांगून टाका एकदा!"

क्रिसने काठ्या मांडीवर ठेवल्या. अंकल माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ऐकायला शिकला. आता तोंड मिटायला शीक."

ज्युलिएट चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, अगदी गाण्यात म्हणते तशी, "हितू, अंकलना माहितीय. मम्मीला माहितीय. डिसेंबरात लग्न आहे आमचं. मी तुला तीनदा सांगायला आले रे. तू दर वेळी, हे ऐक, हे ऐक, करून मलाच काहीतरी वाजवून दाखवलंस."

मी म्हणालो रविवारी येत नाही, दुसरा शोधा. आणि दादरहून घरापर्यंत चालत आलो. वाटेत एका टॅक्सीवाल्याशीही भांडलो, त्याचा काही संबंध नव्हता.

काल अंकलचा फोन आला. "नाय आलास तर मी वाजवीन. बोटं गरम पाण्यात घालून बसतो." त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, ताई. ज्युलिएटचा मेसेज आला तो एवढाच: पाच वाजता, निळा शर्ट. एकही हसरं तोंड नाही, रागावलेलंही नाही.

आता तुला म्हणून सांगतो. मी काल दिवसभर रडलो आणि त्यात मध्येच ती जागा आठवली. क्रिस एक ठोका गाळतो. ती अर्धा श्वास घेते. मी तिथे इतके दिवस माझे दोन सूर कोंबायला बघत होतो. आणि मी तिथे काहीच वाजवलं नाही तर? तिघांपैकी कोणीच काही नाही, भरलेल्या हॉलमध्ये, आणि मग तिचा शब्द. ते कसं ऐकू येईल? घरी वाजवून बघता येत नाही, एकट्याला ते होतच नाही. त्याला ती लागते, आणि तो नालायक क्रिसही लागतो.

राग गेलेला नाही. क्रिसच्या पुढ्यात उभं राहवेल का, माहीत नाही. तिचं लग्न झाल्यावरही वाजवीन का, तेही नाही. पण ती जागा मला ऐकायचीय. आज नाही ऐकली तर मला झोप लागणार नाही.

चार वाजत आलेत. शर्ट घातलाय, इस्त्री मीच केली, कॉलर जरा भाजली. आई जागी होईल म्हणून पुढचं लिहीत नाही, ती विचारेल कुठे चाललास आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. पत्र वाटेत पेटीत टाकतो. गिटार घेतली, दार ओढून घेतोय.

दुखतंय तरी निघालेला,
तुझा हितू