डाव्या दांडीचा रहाट

ता. १५ जानेवारी १९४६, भिंगार
काल घरी बायकांचं हळदीकुंकू. मी पलीकडे हातमागावर. शेजारीण हिला म्हणाली, "म्हातारे, आता तरी मालकांचं नाव घे की!" ही म्हणाली, "कुनाचं घिऊ?" बायका खो खो हसल्या. वर्षभर पुरेल एवढा विनोद झाला त्यांना.
मला हसू आलं नाही. भादव्यातला ताप उतरला तेव्हा डॉ.ने विचारलं होतं, "आजी, हे कोण? यांचं नाव काय?" हिने पदर ओढून मान खाली घातली. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सगळे खूष, मीही मिशीत खूष. मर्यादा बघा म्हणे! मर्यादा कसली? नाव गेलं होतं आणि नावाचा माणूसही. आणि आम्ही शहाणे इतके दिवस तिला शालीन म्हणत बसलो.

ता. १८
सरकारी परमिटचं सूत आलं. सूत कसलं, कुजका काथ्या. लढाई संपली म्हणतात. कोणाची?
आता लक्ष ठेवतो तर सगळं दिसतं. सकाळी मला पाहून सुनेला हळूच विचारते, "पाव्हणे कवाधरनं बसल्यात? मालक कवा यायचे?" कांड्या भरायच्या रहाटावर मात्र तीच कांडी, तसंच घट्ट सूत गुंडाळणं, पहिल्यासारखं. फक्त भरलेली कांडी पूर्वीसारखी माझ्या हातात देत नाही. टोपलीत टाकते. परक्या पुरुषाच्या हातात कशी देणार?
सून म्हणते, "हात बरे चालत्यात, मानूस तेवढं इसरल्या. सोंग हाय सगळं." बाबूने ऐकलं, विडी पेटवली. माझा मुलगा विडी पेटवण्यात पटाईत. मग म्हणाला, "आईला पाथर्डीला गोदीकडं ठिवू थोडं दिस." बहिणीची आठवण अशी वेळेवर येते.

ता. २२
डॉ.कडे गेलो. कालचा पोर, चष्मा मात्र आजोबांचा. म्हणतो, डोक्यात माणसांची, नावांची कोठी वेगळी, हाताच्या सवयींची वेगळी. एक रिकामी झाली तरी दुसरी भरलेली राहते.
मी म्हटलं, "म्हणजे एक लुटली, दुसरीचं कुलूप शाबूत?"
"अगदी बरोबर, बाबा!" पाठच थोपटायची बाकी ठेवली.
वर सल्ला. नवीन काही हाताला शिकवून बघा, रोज. शिकल्याचं आठवणार नाही, पण हात शिकेल. वा रे विद्या! आठवत नाही ते शिकणार कसं? मी चौथीपर्यंत गेलो, तरी एवढं कळतं.
औषध काही दिलं नाही. हे बोलायला डॉ. कशाला हवा?

ता. २३
डॉ.ची कोठी डोक्यातून जाईना. मागावर बसल्यावर पायांकडे पाहिलं. आधी पायाखालची कुठली पावडी दाबतो, डावी की उजवी? पाहिलं आणि पाय अडखळले, सूत नेणारा धोटा मध्येच अडकला, धागे तुटले. शेजारचा म्हणतो, "तात्या, आजच कामाला लागलात का?" मूर्ख. पण माझे पाय मला न विचारता चालतात, विचारलं की रुसतात, हे खरं. भीती वाटली. माझी पहिली कोठी किती भरलेली आहे कोण जाणे. परवा चष्मा डोळ्यावर असून शोधत… जाऊ दे.

ता. २९
रहाट मोडला. बाबूने बाजारातून जुना आणला, त्याची दांडी डावीकडे. डावखुऱ्याचा असणार. दुकानदाराने बाबूला बरोबर ओळखला.
ही बसली. "ह्यो आपला न्हाई." उजवा हात रिकाम्या हवेत फिरवला. डाव्याने झटका दिला, सूत तुटलं. परत तुटलं. रडायला लागली. सून म्हणाली, "आता हातबी गेले." मी ओरडलो तिच्यावर. नंतर वाटलं, खरंच गेले तर?

ता. ७ फेब्रुवारी
रोज सकाळी तेच. "ह्यो कुनाचा रहाट? म्या कदी बघितला न्हाई." काल बसली होती, परवा बसली होती, सांगितलं तर मलाच हसते. "काय बी सांगता, पाव्हणे."
पण आज डावा हात आपणहून दांडीवर गेला.

ता. २२
कांड्या सुनेपेक्षा भराभर होतात. तरी "कदी बघितला न्हाई" आहेच. चष्मेवाला खरा ठरला. मला पचत नाही. त्याला सांगायला मुळीच जाणार नाही, फुगेल.

ता. ५ मार्च
पाथर्डीहून जावई आला. जेवला भरपूर. त्याच्याकडे दोन माग, कांड्या भरायला माणूस टिकत नाही. हिचे हात बघत बसला, बाजारात बैल बघतात तसा. "मामा, काळजी करू नगा. तिकडंबी मामी भरतील कांड्या. रहाट बी नेतो संगं, उद्याच्याच मोटारीनं." आता कळलं प्रेम. बाबू म्हणतो, आईला काय, हितं काय नि तिथं काय, दोन्हीकडं परकेच. हे बोलताना जीभ अडखळली नाही त्याची.
खोटं म्हणावं तर खोटंही नाही, याचा जास्त राग.

ता. ६
सकाळी विचारलं हिने, "पाव्हणे, कोनच्या गावचे?" म्हटलं, "इथलाच." "आसं व्हय," म्हणाली.
पाथर्डीच्या मोटारीला वेळ होता, मागावर बसलो. कांडी संपली. नजर कापडावर होती, हात सवयीने मागे गेला. टोपलीपर्यंत पोचलाच नाही. तळव्यावर कांडी आली. वीतभर सूत सोडवलेलं, टोक माझ्या अंगठ्यावर ठेवलेलं, लग्न झाल्यापासून ठेवायची तसं. वळून पाहिलं. ही दुसरी कांडी लावत होती. पदर तसाच पुढे, परक्यासमोर असावा तसा.
हे जुन्या कोठीतून आलं? की हिचा हात या पाव्हण्याला नव्याने शिकला, रहाटासारखा? डॉ.ला विचारायला हवं. विचारायचं म्हणजे तो खरा ठरला हे कबूल करायचं. करीन.
बाबूला दाखवायला हाक मारली. तो आला तेव्हा हिचे हात मांडीवर. "काय झालं, तात्या?" कांडी दाखवली. त्याला नुसती कांडीच दिसली.
जावई बाहेरून ओरडतोय, रहाट टपावर बांधायला दोर द्या. दोर माझ्या बैठकीखाली आहे. मी बसलो आहे.